उरलेला ठिपका

आज फ्रीजर रिकामा करायचा आहे.
उणे ऐंशी. दार उघडलं की धुकं पायांवर उतरतं.
बाहेरही तेच, टे नदीवरून चढून आलेलं,
डंडीत त्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मी हसले होते:
गळ्यात घालायचा, की पत्करायचा?

पांढरपेशा घरातली मी
पांढऱ्या पेशींच्या मागे लागले,
हा विनोद मिरजेच्या मामांनी केला
आणि पुढे दर पत्रात केला.
रंगद्रव्य नखांत बसायचं, जांभळं.
कणकेला लागू नये म्हणून
हातमोजे घालून पोळ्या लाटल्या मी.

काम म्हणजे मोजणं.
काचेवर रक्ताचा पातळ पदर,
डोळा भिंगाला, बोटं मोजयंत्राच्या कळांवर:
ही प्रौढ, ही कोवळी, ही मोठं व्हायचंच विसरलेली.
शंभर भरले की घंटी. पुन्हा पहिल्यापासून.
रक्ताचं पाणी केलं म्हणतात लोक.
मी खरोखरच केलं,
एकास दोनशे, अचूक.

आयसोबेल गेडिस तागाच्या गिरणीत होती,
चौदाव्या वर्षापासून. मागांनी तिचे कान खाल्ले.
ती ओठ वाचायची, माझे मराठी वळणाचे ओठसुद्धा.
दर तीन महिन्यांनी दोन नळ्या, अकरा वर्षं.
"ताग तुमच्याकडूनच यायचा," म्हणाली,
"आता तू आलीस."
बंगाल मला तिच्याइतकाच परका,
हे मी सांगितलं नाही.
एकदा तिने विचारलं,
"माझ्यातलं काही कामाचं निघालं का ग?"
मी नुसती मान हलवली.
बोलले असते
तर तिने वाचलं असतं.

मग शोधनिबंध. त्र्याऐंशी रुग्ण, एक रेघ,
ब्याऐंशी ठिपके तिला बिलगून
आणि एक वर, कोपऱ्यात, एकटा.
परीक्षकाने लिहिलं: हा काढा,
बहुधा प्रयोगातली चूक.
अनुदान संपायला पाच आठवडे होते.
मी काढला.
रेघ सुंदर दिसू लागली.

बारा वर्षांनी सिअ‍ॅटलच्या एका गटाने
तसलेच सतरा ठिपके गोळा केले, त्यांना नाव दिलं.
वेगळाच आजार. वेगळं औषध, आणि ते चालतं.
मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.
आयसोबेलला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मी तेव्हाच थांबले असते,
तर ते औषध तिच्यापर्यंत पोचलं असतं का?
हिशेब किती रात्री मांडला.
नसतं. बहुधा नसतं.
बहुधा. परीक्षकाचाच शब्द.

आमची काकू रांगोळी काढायची.
शेवटी एक ठिपका उरला
तर तो पुसायची नाही,
चरफडत सगळी रांगोळी मोडायची,
आम्ही मुलं उंबऱ्यावर ताटकळत, उपाशी.

तिसरा कप्पा, अगदी मागे.
लेबलवर माझंच तरुण अक्षर,
अंगठ्याने बर्फ पुसला: एकेचाळीस.
संमतीपत्राची मुदत संपलेली आहे,
नियमाप्रमाणे हे जाळायला जायचं.
"खूण करू?" रुअरी विचारतो, यादी हातात,
चोवीस वर्षांचा, घाईतला, हुशार.

करशील. जरा थांब.
त्या लाकडी पेटीत तिची एक काच असेल,
रंग उडालेली. दे इकडे.
आणि ते जुनं मोजयंत्र, हो, घंटीवालं.

आता घड्याळाकडे बघू नकोस.
ही प्रौढ. ही प्रौढ.
ही कोवळी.
ही